हुज्जत

माझ्या नानीचा निकाहनामा पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली, मेणकापडात गुंडाळून ठेवलेला असे. नानी राजुऱ्याची. तिचा निकाह झाला तेव्हा राजुरा निजामाच्या मुलखात होतं, आणि वर्धा नदी ओलांडली की पलीकडचं चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, इंग्रजांचं. म्हणून तिच्या मेहरचा आकडा ‘पाचशे रुपये सिक्का हाली’ असा, निजामाच्या चलनात लिहिलेला. कागद उर्दूत होता आणि खाली तिचा अंगठा. तिला उर्दू वाचता येत नव्हतं, मराठीही नाही.

नाना वारले त्या सकाळी मी तिथं होते, तेरा-चौदा वर्षांची. जनाजा उचलायच्या आधी नात्यातली एक वडीलधारी बाई नानीजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, ‘मेहर माफ कर देओ आपा, मय्यत पे बोझा नक्को.’ नानी भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान हलवली. बाहेर निरोप गेला, माणसं उठली. हाली रुपया चलनातून जाऊन तोवर कितीतरी वर्षं लोटली होती. नानीनं माफ केलं ते नाणं तेव्हा कुठल्या दुकानातही चाललं नसतं.

मेहर म्हणजे काय हे मला फार उशिरा कळलं. मुस्लिम कायद्यात ते नवऱ्यावरचं बायकोचं कर्ज असतं. तो गेला तर वारसांच्या वाटण्या होण्याआधी ते फेडायचं असतं, आणि ते मिळेपर्यंत विधवेला तिच्या कायदेशीर ताब्यात असलेली नवऱ्याची मालमत्ता धरून ठेवता येते. त्या सकाळी त्या घरातली पहिली धनको नानी होती. तिला हे कुणी सांगितलं नाही. तिला फक्त सोडून द्यायला सांगितलं गेलं, आणि तेही सवाबाचं, पुण्याचं काम म्हणून.

‘इस्लाममध्ये स्त्रीचं स्थान’ हा विषय निघाला की दोन उत्तरं तयारच असतात. एक म्हणतं, आमच्या धर्मानं बाईला चौदाशे वर्षांपूर्वीच सगळे हक्क दिले, आता मागायचं काय उरलं? दुसरं म्हणतं, या धर्मात बाईला जागाच नाही, तिनं आधी त्यातून बाहेर पडावं. ही दोन्ही उत्तरं मी भाषणांतून ऐकली, लग्नघरात ऐकली, चंद्रपूर-गडचिरोलीच्या बसमध्येही ऐकली. दोन्ही देणाऱ्यांनी नानीची पेटी उघडून पाहिलेली नसते. पुढच्या पानांत ज्यांचे विचार येणार आहेत त्या बायकांनी पेटीपासून सुरुवात केली. कागद कुणी लिहिला, तो कुणाकडे असतो, तो वाचता कुणाला येतो आणि सही करणारीला कुणी काही विचारलं का, हे त्यांचे प्रश्न आहेत. मला स्त्रीवाद एवढ्याच अर्थी समजला आणि एवढ्याच अर्थी तो मला हवा आहे.

अरबीत ‘हुज्जत’ म्हणजे दाखला, पुरावा, ज्याच्या आधारावर न्याय उभा राहतो ती गोष्ट. हा शब्द मराठीत आला आणि त्याचं नुसतं भांडण झालं. ‘उगाच हुज्जत घालू नको’ हे मी घरात ऐकलं, शाळेत ऐकलं, आणि बहुतेक वेळा ते एखाद्या बाईलाच उद्देशून होतं. कुराणातल्या 58 व्या सूरेचं नाव मुजादिला आहे, म्हणजे वाद घालणारी. परंपरा सांगते ती अशी. मदिनेत खौला बिंत सालबा नावाची बाई होती. नवऱ्यानं रागाच्या भरात तिला म्हटलं, तू मला आईच्या पाठीसारखी. जुन्या अरबी रिवाजानं एवढ्यावर ती त्याची बायको उरत नसे आणि दुसरीकडे जायला मोकळीही होत नसे. खौला पैगंबरांकडे गेली. पहिल्यांदा तिला हवं ते उत्तर मिळालं नाही. ती उठली नाही. आपलं वय सांगत राहिली, पोरांचं काय होईल ते विचारत राहिली, पुन्हा पुन्हा तेच मांडत राहिली. मग आयत उतरली. तिची तक्रार वर ऐकली गेली होती, तो रिवाज खोटा ठरला आणि नवऱ्यावर प्रायश्चित्त आलं. एक गुलाम मुक्त करायचा, ते न जमल्यास सलग दोन महिने रोजे, तेही न जमल्यास साठ गरिबांना जेवण.

ही गोष्ट मला लहानपणी कुणी सांगितली नाही. पैगंबरांच्या पत्नींपैकी खदीजा श्रीमंत व्यापारी होत्या हे सांगितलं, आयशांना किती हदीस पाठ होत्या हे सांगितलं, आणि बाईनं कसं चालावं, बोलावं, बसावं हेही भरपूर सांगितलं. एका सूरेचं नावच वाद घालणारीवरून पडलं आहे हे मात्र मी चाळिशीत वाचलं, तेही पुस्तकातून. तसंच त्यांच्यातल्याच उम्मे सलमांचं. त्यांनी विचारलं होतं की वहीत, म्हणजे उतरणाऱ्या ईश्वरी संदेशात, पुरुषांचाच उल्लेख का येतो, आमचा का नाही. त्यानंतर 33 व्या सूरेतली ती आयत आली असं परंपरा मानते, जिच्यात श्रद्धावान पुरुष आणि श्रद्धावान स्त्रिया, सत्यवचनी पुरुष आणि सत्यवचनी स्त्रिया असे दोघांचे जोडीनं उल्लेख आहेत.

गेल्या चाळीस वर्षांत जगभरच्या मुस्लिम अभ्यासक स्त्रियांनी केलं ते याच वाटेनं पुढे जाणं होतं. मोरोक्कोच्या फातिमा मर्निसी यांनी बाईच्या हाती कारभार देणाऱ्या लोकांचं भलं होत नाही, या हदीसचा माग काढला. ती पहिल्यांदा कुणी सांगितली, कुठल्या लढाईनंतर सांगितली, सांगणाऱ्याचा त्यात काय संबंध होता, हे त्यांनी जुन्या ग्रंथांतूनच शोधलं. अमेरिकेतल्या अमीना वदूद यांचं कुराण आणि स्त्री या विषयावरचं पुस्तक 1992 मध्ये आलं. 2005 च्या मार्चमध्ये त्यांनी न्यूयॉर्कला स्त्री-पुरुषांच्या एकत्र नमाजाची इमामत केली. चौथ्या सूरेतली 34 वी आयत, जिच्या आधारे नवऱ्याला बायकोवर हात उचलायची मुभा काढली जाते, तिच्याशी त्या अनेक वर्षं झुंजल्या. शब्दांचे दुसरे अर्थ तपासले, संदर्भ तपासला, आणि शेवटी तिच्या शब्दशः अंमलाला त्यांनी स्पष्ट नकार दिला. नमाज पढणाऱ्या बाईनं उच्चारलेला तो नकार मला फार धीर देऊन गेला.

तरीही एक गोष्ट मनात राहते. चांगल्या अर्थावर टेकलेला हक्क उद्या दुसऱ्याच्या अर्थानं काढून घेता येतो. ही शंका महाराष्ट्रात सर्वांत स्वच्छ शब्दांत हमीद दलवाई यांनी मांडली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा लेखक 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना एकच नागरी कायदा द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. लोक दलवाईंची आठवण काढतात आणि काढावीच, पण मला त्या सातजणींचा विचार येतो. त्या संध्याकाळी त्या आपापल्या मोहल्ल्यात परत गेल्या असतील, जिन्यात कुणी त्यांच्याशी बोललं असेल किंवा नसेल. 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाई 1977 मध्ये गेले, पंचेचाळीसही पुरी झाली नव्हती. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई आणि सहकारी सय्यदभाई यांनी काम पुढे नेलं. सय्यदभाईंना या कामात ओढलं ते त्यांच्या बहिणीच्या तलाकानं. 1985 मध्ये, पोटगीवरच्या शाहबानो निकालाच्या वर्षी, मंडळाचा तलाक मुक्ती मोर्चा कोल्हापुरातून नागपूरला निघाला आणि वाटेत त्याला कडवा विरोध झाला. त्याच दशकाच्या सुरुवातीला, 1982 मध्ये, जळगावात मुस्लिम बायकांनी सिनेमाला जायचं नाही असा फतवा निघाला आणि रझिया पटेल नावाची तरुण मुलगी तो मोडायला उभी राहिली. सिनेमा ही लहान गोष्ट वाटेल. बाईनं तिकीट काढून अंधाऱ्या हॉलमध्ये आपल्या मर्जीनं तीन तास बसावं की नाही, हा प्रश्न मला तरी लहान वाटत नाही.

धर्मातून की संविधानातून, हा वाद मी पूर्वी तावातावानं घालत असे. आता मला दोन्ही वाटा एकमेकींच्या आधारानं चालताना दिसतात. याला 1939 चा कायदा साक्षी आहे. मुस्लिम कायद्याच्या हनफी शाखेनुसार नवरा बेपत्ता झाला किंवा टाकून गेला तरी बायकोला सुटका जवळजवळ अशक्य होती. पंजाबात काही बायकांनी यावर एकच उपाय काढला. त्यांनी धर्मच सोडला, कारण त्यानं निकाह तुटत असे. उलेमा हादरले. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला बहिश्ती जेवरचे लेखक मौलाना अशरफ अली थानवी यांनीच मालिकी या दुसऱ्या शाखेच्या मताचा आधार घेऊन बाईला दार उघडून दिलं, आणि त्यातून पुढे मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. चार वर्षं ठावठिकाणा नाही, दोन वर्षं पोटगी नाही, सात वर्षांची कैद, अशा कारणांसाठी बायको कोर्टात जाऊ शकते. बायकोनं धर्म सोडल्यानं निकाह आपोआप तुटणार नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलं गेलं. ते दार उघडायला लावणाऱ्या बायकांची नावं कुठल्या ग्रंथात नाहीत.

आता आमच्या जिल्ह्यांकडे येते.

2011 च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्यात मुसलमान शेकड्याला साधारण चार आहेत, गडचिरोलीत दोन. राज्याचा आकडा साडेअकराच्या आसपास आहे. चंद्रपूरच्या परकोटाला पठाणपुरा दरवाजा आहे, म्हणजे गोंड राजांच्या काळापासून आमची वस्ती इथं असणार. पुढे कोळसा, रेल्वे, बल्लारपूरचा कागद कारखाना, लाकडाचे ठेके यांच्या मागोमाग माणसं येत गेली. नदीपलीकडून राजुरा-कोरपन्याची उर्दू आली, सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारी घरं आहेत, आणि बाजारात सगळ्यांची मराठी झाडीची. गडचिरोलीतल्या कित्येक गावांत मुसलमानांची दोन-चारच घरं. अशा गावात मुस्लिम बाईची अडचण मुंबईच्या बाईहून वेगळी असते. तिथं मोहल्ला नाही, म्हणून मोहल्ल्याचा धाक थोडा कमी. पण तलाकाची पाळी आली तर आधार द्यायला दुसरी मुस्लिम बाईही नाही. शेजारीण गोंड किंवा माडिया असते, बौद्ध असते, कुणबी असते. मुस्लिम बाईच्या दुःखाची पहिली साक्षीदार ही शेजारीणच.

म्हणून मला देसाईगंजची गोष्ट इथं सांगायलाच हवी. आमच्याकडे त्या गावाला वडसा म्हणतात. 1972 च्या मार्चमध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर एका पोलिसानं बलात्कार केला आणि दुसऱ्यानं तिचा विनयभंग केला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो 1982 मध्ये. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता, असं त्या निकालाचं म्हणणं. 1979 च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. त्या मुलीच्या नावावरून मथुरा खटला म्हणून तो आज प्रत्येक कायद्याच्या वर्गात शिकवला जातो.

याचा मुस्लिम बायकांशी काय संबंध, असं वाचक विचारतील. त्या खटल्यावरच्या संतापातून 1980 मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, जो पुढे स्त्री अत्याचार विरोधी मंच झाला. त्याच वर्तुळात वावरणाऱ्या शहनाज शेख यांनी 1983 मध्ये आपल्या तलाकावरून थेट सर्वोच्च न्यायालयात व्यक्तिगत कायद्यालाच आव्हान दिलं. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या इतरजणींच्या प्रयत्नांतून मुंबईत आवाज-ए-निस्वां ही मुस्लिम स्त्रियांची संघटना उभी राहिली, आणि हसीना खान यांच्यासारख्या कार्यकर्त्या तिथून घडल्या. ती वाट वडशाच्या ठाण्यापासून निघाली होती. आमच्या जंगलातल्या एका मुलीचं दुःख मुंबईच्या मुस्लिम बाईच्या पाठीशी उभं राहिलं. तिथून इकडे परत काय आलं याचा विचार मी नेहमी करते, आणि या पानांचा खटाटोप त्याच विचारातून झाला आहे.

न्यायालयांचा प्रवास मी थोडक्यात सांगते, कारण तो पुढे सविस्तर आहे. तलाक दिला असं नुसतं म्हणून भागत नाही, कारण होतं का, समेटाचा प्रयत्न झाला का, हे नवऱ्यानं सिद्ध करावं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठानं मे 2002 मध्ये रहीमबी पठाण यांच्या खटल्यात सांगितलं. शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याच अर्थाचा निकाल दिला तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. म्हणजे या बाबतीत मराठवाड्यातली एक बाई दिल्लीच्या पाच महिने पुढे होती. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या झकिया सोमण आणि नूरजहाँ साफिया नियाज यांनी हाजी अलीच्या दर्ग्यात मजारीपर्यंत जायचा हक्क 26 ऑगस्ट 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयातून मिळवला. 22 ऑगस्ट 2017 ला शायरा बानो खटल्यात एका दमातला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला.

2019 च्या कायद्यानं तो गुन्हाही ठरला, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. यावर आमच्या बायकांतच दोन मतं पडली. महिला आंदोलनाला असा कायदा हवा होता. बेबाक कलेक्टिव्हसारख्या गटांचा विरोध होता, की नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कोण देईल, आणि एकाच समाजातल्या पुरुषाला नवरा म्हणून केलेल्या चुकीसाठी तुरुंग का? मी दुसऱ्या बाजूची. मजुरीवर चालणाऱ्या घरात कमावता हात आत गेला तर बाईनं पोरांना घेऊन कुठं जावं, याचं उत्तर मला त्या कायद्यात पुरेसं दिसत नाही. पण पहिल्या बाजूच्या बायकांनी वर्षानुवर्षं रडणाऱ्या मुली पाहिल्या आहेत. त्यांना सरकारच्या हातचं बाहुलं म्हणणं मला साफ अमान्य आहे. मुस्लिम बाई बोलली की तिचं बोलणं तिच्याच समाजावर दगडासारखं फेकलं जातं, आणि गप्प बसली की घरातला अन्याय तसाच राहतो. या दोन्हींच्या मधे उभं राहून बोलणं फार जड जातं. ज्या बोलल्या त्यांचं ओझं ओळखून ही पानं वाचावीत.

आणि जमीन. स्त्रीवादी लेखनात तलाकावर जितकं लिहिलं गेलं त्याच्या दशांशानंही जमिनीवर नाही, याची मला खंत आहे. 1937 च्या शरियत कायद्यानं वारसा, निकाह, मेहर यांना शरियत लागू केली आणि शेतजमीन मात्र वगळली. बाईला कुराणानं दिलेला वाटा, भावाच्या निम्मा का होईना, जिथं सर्वांत मोलाचा ठरला असता नेमकी तीच जागा त्या कायद्यानं रिकामी सोडली. आणि जिथं वाटा आहे तिथं हक्कसोडपत्र आहे. हिंदू बहिणीला महाराष्ट्रात 1994 पासून वडिलोपार्जित मिळकतीत भावाइतका वाटा आहे, मुस्लिम बहिणीला निम्मा. दुय्यम निबंधकापुढे दोघी त्याच कागदावर सही करतात आणि माहेर तुटू नये म्हणून करतात. इथं धर्म बदलून काही बदलत नाही.

जंगलात मात्र एक वेगळा कागद आला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा, आणि घर एकट्या बाईचं असेल तर तिच्याच नावानं द्यायचा, असं कलम 4 मध्ये लिहिलं. मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाले तेव्हा सारा देश गडचिरोलीकडे पाहत होता. वैयक्तिक पट्ट्यातल्या या एका ओळीकडे फार कुणी पाहिलं नाही. मुस्लिम कुटुंबं ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या गटात येतात. त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते, आणि ते फार कठीण असतं. पण ज्या घराला पट्टा मिळाला तिथं बायकोचं नाव नवऱ्याच्या जोडीला आहे. ते नाव तीन शब्दांनी पुसलं जात नाही. काझीनं लिहिलेल्या कागदापेक्षा ग्रामसभेनं शिफारस केलेला हा कागद तिला जास्त उभं करू शकतो. माझी इच्छा आहे की इथल्या कार्यकर्त्यांनी मुस्लिम बायकांशी बोलताना तलाकाच्या आधी सातबारा आणि पट्टा विचारावा. या भागातल्या बायकांना ठाणं आणि तहसील नवी नाहीत. गडचिरोलीतली 1993 ची दारूबंदी आणि चंद्रपुरातली 2015 ची बंदी बायकांच्याच रेट्यानं आली होती, चंद्रपूरची 2021 मध्ये उठली तरी.

पुढची पानं अभ्यासकांसाठी लिहिलेली नाहीत. ज्या बाईला अंजुमनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकता आलं, जी बचत गटाच्या वहीत आकडे लिहिते, तिला ती वाचता यावीत म्हणून शब्द सोपे ठेवले आहेत. मेहर, खुला, इद्दत, पोटगी यांचे अर्थ जागच्या जागी दिले आहेत. तलाक-ए-तफवीज म्हणजे काय तेही आहे. निकाहनाम्यातच अट घालून तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवता येतो, आणि हनफी परंपरेला हे मान्य आहे, हे फार थोड्याजणींना ठाऊक असतं.

मागच्या वर्षी बल्लारपुरात माझ्या भाचीचा निकाह झाला. सही करण्याआधी तिनं काझीसाहेबांना विनंती केली की सगळ्या रकान्यांत काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवा. पडद्याआड बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालंच, काय हुज्जत घालते ही पोरगी. काझीसाहेब क्षणभर थांबले आणि मग त्यांनी शांतपणे हिंदीत वाचून दाखवलं, मेहरच्या रकमेपासून गवाहांच्या नावांपर्यंत. शिक्षण पुरं करू देण्याची अट तिनं त्यात घालून घेतली. जेवणं उरकल्यावर माझी खाला माझ्याजवळ आली. सत्तरीची आहे. पदराआडून तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक पिवळा पडलेला कागद काढला. लग्नाला येतानाच तिनं तो बरोबर आणला होता की मधल्या वेळात घरी जाऊन आणला, ते मी विचारलं नाही. ‘हे माझं,’ ती म्हणाली, ‘काय लिहिलंय ते वाच.’